फोटो न बघणारा माणूस

शिरूरच्या एसटी स्टँडसमोर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सगळीकडे विंडोज असताना हा लिनक्स घेऊन बसलेला. मी न्हावऱ्याहून मेव्हण्याचा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो. आम्ही मेंढरं विकली त्या दिवसाचे फोटो त्यात होते, आणि मेव्हणा दुपारच्या गाडीनं निघणार होता.

कॅमेरा जोडला, पण कॉम्प्युटर काही दाद देईना. मी वैतागलो, तो मात्र शांत.

"कॅमेरा दारात आलाय हे कळतंय त्याला, पण आत घेईना," म्हणत त्यानं वायर बदलली. मग कॅमेऱ्यातलीच एक सेटिंग बदलली आणि फोटो उघडले.

लगेच त्यानं सवयीनं खुर्ची भिंतीकडे फिरवली. "दुसऱ्याच्या घरचं फोटू मी बघत न्हाई. तुमी बघून घ्या."

शेवटी एक व्हिडिओ होता. टेम्पोत चढायला मागे सरणाऱ्या मेंढरांना आमचे आप्पा शीळ घालत होते, एक लांब, दोन आखूड. आप्पांनी दोनदा शीळ घातली. तिसरी, अगदी तशीच, भिंतीकडून आली.

व्हिडिओ संपला तसा तो म्हणाला, तोंड तसंच भिंतीकडे ठेवून, "पुन्यांदा लावता का?"