गुणगुण्यांचं एकुलतं गाणं

सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवणाऱ्या त्या कारागिराला सगळी गल्ली ‘गुणगुणे’ म्हणायची. यात त्यांचा दोष नव्हता. काम करताना मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचे, जिभेनं एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीनं ठोकायचा, अशी त्यांची रीत. तोंड उघडलं तर खिळा पोटात. म्हणून बिचारे नाकातूनच गायचे, आणि तेही जन्मभर एकच गाणं.

त्या गाण्याच्या गायकाला गुणगुणे ‘मखमलवाले’ म्हणत. कापडातलं कळणाऱ्या माणसानं दिलेली ही मोठीच पदवी. मखमलवाल्यांनी आणखी शेकडो गाणी गायली असतील, पण गुणगुण्यांना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं. लग्न झालं त्या वर्षी बायकोनं जुन्या बाजारातून या गाण्याची तबकडी आणली, तेव्हापासून रविवारी सकाळी घरात ती लागायचीच. रेडिओवर तेच गाणं लागलं, की मात्र गुणगुणे तो खटकन बंद करत.

“हे लोक मध्ये भर घालतात,” ते म्हणायचे. “अस्सल माल आपल्याकडे आहे.” त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती.

एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. ती गेल्यावर रविवार कसा काढायचा, या विचारानं गुणगुण्यांच्या घशाखाली घास उतरेना. त्यात लेकीनं हट्ट धरला, “बाबा, लग्नात तुम्ही गायचं. तोंडात खिळे न धरता.”

“अगं, तुझ्या सासूबाई गाणं शिकवतात! माझी फजिती झाली तर झाली, पण तुला त्या घरात राहायचंय.”

“म्हणूनच गा,” बायको म्हणाली. “माणसं कशी आहेत ते एकदाचं कळू दे.”

लग्नाच्या संध्याकाळी विहीणबाईंच्या विद्यार्थ्यांनी व्हायोलिन आणि गिटार सरसावली. गुणगुण्यांनी पहिली ओळ म्हटली आणि आवाज असा मोकळा सुटला, की गल्लीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या कडव्याची एक ओळ झाली आणि गुणगुणे थेट धृपदावर गेले. त्यांच्या मागोमाग बायको गेली, लेक गेली, गुणगुण्यांचा धाकटा भाऊसुद्धा टाळ्या पिटत गेला. वादक बिचारे कडव्यातच राहिले. नुसता सावळा गोंधळ! शेवटी सगळेच थांबले.

“अहो, राहिलेलं कडवं कुठे गेलं?” विहीणबाईंनी विचारलं.

“कसलं कडवं? गाणं एवढंच आहे.”

लेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. “बाबा, आपल्या तबकडीवर तिथे सुई उडी मारत असणार!”

सगळं सभागृह हसायला लागलं. गुणगुण्यांचे कान लालबुंद झाले. लेकीकडे बघायची हिंमत होईना.

“म्हणजे हे कडवं तुम्ही कधी ऐकलंच नाही?” विहीणबाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि त्या स्वतः गायला लागल्या.

गाण्यातला माणूस दारात कुणाची तरी वाट बघत असे, आणि धृपदात एकाएकी आनंदानं गाऊ लागे. का, हे गुणगुण्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मखमलवाल्यांचा स्वभावच तसा, एवढंच ते समजून होते. त्या कडव्यात ती येत होती. रस्त्याच्या टोकाशी दिसत होती, चपला हातात घेऊन धावत होती.

“ती येते होय!” गुणगुणे भर सभागृहात ओरडले. “एवढी वर्षं येतेय आणि मला पत्ताच नाही!” त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. “परत म्हणा ना.”

“आता तुम्हीच म्हणायचं. रविवारी आमच्याकडे येत जा, मी शिकवते.”

“किती रविवारांत जमेल?”

विहीणबाईंनी नव्या सुनेकडे पाहिलं. बापाचा हात तिनं घट्ट धरून ठेवला होता.

“तुमचा हेका बघता बरीच वर्षं लागतील,” त्या म्हणाल्या. “आणि लवकर जमलं, तरी मी जमलं म्हणणार नाही.”