दुसरं टिंब जरा खोल

आमच्या कारखान्यात विकलेली कात्री परत आली की ती साहेबांकडे जात नसे, कारकुनाकडेही नाही. ती ज्याने जोडली त्याच्या बाकावर जायची, सगळ्यांच्या देखत. आधी तिचा स्क्रू काढायचा, आतल्या बाजूची खूण बघायची, आणि ज्याची खूण त्याने जेवणाच्या सुट्टीत बसून ती नीट करायची. त्याची मजुरी नाही आणि कुरकूरही नाही.

जोडमास्तरच्या बाकावर सव्वीस वर्षांत अकरा कात्र्या परत आल्या. प्रत्येकीत काय चुकलं होतं ते त्याला तोंडपाठ होतं.

मी घासणारा. पाती दगडावर धरून धार काढायची, हे माझं काम. मास्तर मला घाश्या म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायचे. मी घासलेली पाती तो जोडायचा. एकोणीस वर्षं आम्ही चार हातांच्या अंतरावर बसलो.

कात्री जोडणं म्हणजे स्क्रू पिळणं नव्हे. दोन्ही पात्यांना किंचित बाक द्यावा लागतो. मिटताना ती एका वेळी एकाच जागी एकमेकांना टेकली पाहिजेत, आणि ती जागा मुळापासून टोकापर्यंत सरकत गेली पाहिजे. तो बाक लहान हातोडीने ऐरणीवर देतात. मोजायला माप नाही, डोळा आणि कान हेच माप. मास्तर एक मूठ धरून दुसरी उचलायचा आणि सोडून द्यायचा. ती सावकाश खाली येऊन दोन बोटं अलीकडे थांबली तर ठीक. मग ओल्या, पातळ कापडावर टोकाने एकच काप. कापड दुमडलं की पुन्हा ऐरण. दिवसाला चाळीस कात्र्या, एकेचाळीसावी नाही. शेवटी टोकदार सळईने आत खूण करायची, तीन टिंबं आणि खाली आडवी रेघ. जाणता शिंपी विकत घेण्याआधी स्क्रू सैल करून ती खूण शोधायचा.

मग एका वर्षी कर बदलले.

चहाच्या वेळी भांडारातला कारकून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा. त्यानेच सांगितलं. परदेशाशी करार झाला. ते आपला कापूस बिनकराचा घेणार, आपण त्यांचा तयार लोखंडी माल जवळजवळ बिनकराचा घेणार. बाहेरून येणाऱ्या पोलादावरचा कर मात्र तसाच. देशात पोलादाचा एकच मोठा कारखाना, त्याला सांभाळायचं होतं.

"म्हणजे आम्ही पोलाद महाग घ्यायचं," मास्तर म्हणाला, "आणि त्याच पोलादाची परदेशी कात्री दुकानात स्वस्त. कापड महाग, शिवलेला सदरा स्वस्त. मग शिंप्याने सुईत दोरा ओवत बसायचं?"

"देशाचा फायदा आहे मास्तर," कारकून म्हणाला. "माझा मेहुणा कापसाच्या गिरणीत आहे. तिथे आता तिसरी पाळी लागली."

"तुझ्या मेहुण्याचं भलं होवो. देशात आपणही राहतो एवढं सरकारला कळव."

सगळे हसले. मीही हसलो. वर्षभरात आमची दुसरी पाळी बंद झाली, आणि हसणाऱ्यांतले निम्मे घरी बसले.

त्यानंतर गुंतवणूक आली. ज्यांच्या कात्र्यांनी आम्हाला घरी बसवलं त्याच परदेशी कंपनीने आमच्या कारखान्यात अर्धा वाटा घेतला. नवी शेड उभी राहिली. मंत्री आले, फीत बांधली. फीत कापायला कात्री मात्र मास्तरची मागवली. सरकारने पाच वर्षं नफ्यावर कर माफ केला. अट एकच होती, माल इथे घडला पाहिजे.

पहिली खोकी उघडली तेव्हा मी तिथेच होतो. आत पाती होती. घासलेली, चमकवलेली, मुठी बसवलेली. वेगळ्या पिशवीत स्क्रू. काही पात्यांच्या भोकाभोवती स्क्रू एकदा पिळल्याचे ओरखडे स्पष्ट होते. तिकडे स्क्रू काढायचा, इकडे लावायचा, आणि माल इथे घडला म्हणायचं.

मास्तरने एक जोडी जोडली, मूठ उचलून सोडली. खट्‌कन खाली पडली.

"ही कात्री नाही. दोन सुऱ्यांचं लग्न लावलंय, तेही त्यांना न विचारता."

"मास्तर, रोज सहाशे जायला हव्यात," साहेब म्हणाले. "आणि तुमची खूण हवी. दुकानदार खूण मागतात. कर खात्याचे अधिकारी येतील, त्यांनाही हाताचं काम दिसलं पाहिजे."

"मला जोडू द्या. चाळीस देतो."

"सहाशे."

"मग खूण नाही. मी जोडली तर माझी. नुसता स्क्रू लावायला साहेब, तुम्हीही पुरे आहात."

साहेबांना ते झोंबलं. मास्तरला जुन्या शेडमध्ये उरलेल्या मालावर बसवलं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं. पाती घासूनच येत होती, म्हणजे घासणाऱ्याचं काम संपलं होतं. ते मला आधीच कळलं होतं.

"तुझ्यासाठी काहीतरी शोधावं लागेल," ते म्हणाले. मग खिडकीकडे बघत विचारलं, "मास्तरची खूण तुला येते ना?"

मी हो म्हणालो. विचार करतो म्हणालो नाही, उद्या सांगतो म्हणालो नाही.

सहाशे खुणा सळईने होत नाहीत. म्हणून मी ठसा केला. जुन्या कानशीचा तुकडा घेतला, तापवून मऊ केला, टोकावर तीन उंचवटे आणि एक रेघ कोरली, पुन्हा तापवून कडक व्हायला पाणी दिलं. तीन संध्याकाळी लागल्या.

"घरी कसलं काम आणलंत?" बायकोने विचारलं.

"कारखान्याचं."

"एवढं मन लावून? बढती बिढती आहे की काय?"

त्या ठशाचं काम मी चोख केलं. हजारो ठोके मारले तरी त्याची कड बोथटली नाही. जन्मात हाताने इतकी बारीक वस्तू दुसरी केली नाही. ते काम वाईट झालं असतं तर आज थोडी कमी लाज वाटली असती.

नव्या शेडच्या टोकाला, आडोशामागे मला बाक मिळाला. पातं ठेवायचं, ठसा धरायचा, एक ठोका. मास्तर भिंतीपलीकडे. त्याला काही माहीत नव्हतं. सुट्टीत भेटलो की विचारायचा, "काय घाश्या, तिकडे काय घासतोस?" मी म्हणायचो, "दिवस."

सात महिन्यांनी पहिल्या आठ कात्र्या परत आल्या. नंतर पोतं आलं. रिवाजाप्रमाणे एकेकीचा स्क्रू काढला, आणि रिवाजाप्रमाणे ते पोतं मास्तरच्या बाकावर गेलं. सगळे जमले होते. मीही होतो. चार हातांवर, नेहमीच्या अंतरावर.

मास्तरने एक पातं उचललं, डोळ्याजवळ नेलं. दुसरं उचललं. तिसरं. हाताने केलेली टिंबं कधी सारखी नसतात, ही सारखी होती. तो काय बघतोय ते मला कळत होतं. त्याने पाच-सहा पाती ओळीत मांडली, त्यांच्यावरून अंगठा फिरवला. मग मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"मास्तर, आता म्हातारे झालात," कुणीतरी मागून म्हणालं. "एकदम पोतं?"

"खूण माझी आहे," मास्तर म्हणाला. "नीट मी करीन."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडायला हातोडी उचलण्याइतकेही कष्ट नव्हते. मी उघडलं नाही.

त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत तो ऐरणीवर बसायचा. डबा तसाच राहायचा. सुट्टीत आठ-नऊ कात्र्या व्हायच्या, तोवर नवं पोतं यायचं. नव्या पात्यांना बाक घेता येत नसे, पत्रा होता तो, जास्त ठोकला की मोडायचा. मास्तर त्याच पत्र्याला कसाबसा बाक देत होता. मी भिंतीच्या या बाजूने त्याची हातोडी ऐकायचो, आणि सहाशे भरायला सुट्टीतही ठसा धरून ठोका द्यायचो. त्याच्या एका कात्रीमागे माझ्या कितीतरी.

मग कर खात्याचा अधिकारी आला. तक्रार गेली होती की इथे काहीच घडत नाही, फक्त स्क्रू लावतात. ते खरं ठरलं असतं तर करमाफी रद्द, आणि कंपनी निघून गेली असती. शेडमध्ये एकशे दहा माणसं होती. अधिकारी हुशार होता. त्याने साहेबांना विचारलं नाही, म्हातारा माणूस शोधला. मास्तरच्या हातात उघडी कात्री दिली.

"ही जोडणी तुमची?"

साहेब मागे उभे होते, माणसं यंत्रांपाशी. मास्तरने त्या खुणेकडे पाहिलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे. फार वेळ नाही. ठोक्यापुरतं.

"हो," तो म्हणाला. "माझी."

त्या माणसाने आयुष्यात एकही खराब कात्री आपली नसताना आपली म्हटली नव्हती, आणि आपली असताना नाकारली नव्हती. त्या दिवशी त्याने हजारो आपल्या म्हटल्या. संध्याकाळी त्याने हातोडी फडक्यात गुंडाळली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. साहेबांनी सांगितलं की मास्तरचा हात गेला होता, मालात दोष येत होते, बरं झालं. लोकांनी ते मानलं. पोती सगळ्यांनी पाहिली होती.

पाच वर्षं संपली. करमाफी संपली त्याच महिन्यात यंत्रं खोक्यांत भरली गेली. कुठल्या तरी तिसऱ्या देशात नवी शेड, नवी माफी. कारकून म्हणाला, "पैसा पाण्यासारखा असतो, उतार दिसला की निघाला." मास्तरच्या एका शब्दाने आम्हाला सव्वा दोन वर्षांचं काम मिळालं होतं. मी ते पुरतं वापरलं. त्यानंतर भांडी घासायच्या पावडरीच्या कारखान्यात गोणी उचलल्या, आणि तिथूनच निवृत्त झालो. घाश्या हे नाव तिथेही कामी आलं.

ठसा माझ्याकडेच राहिला होता. गेल्या वर्षी तो खिशात घालून मी मास्तरकडे गेलो. धोब्याच्या दुकानावर दोन खोल्या. वहिनींनी दार उघडलं.

"अगंबाई, घाश्याभावजी! इतक्या वर्षांनी वाट सापडली?"

मास्तर खिडकीशी बसला होता. डावा डोळा गेलेला. हात मांडीवर, पण स्थिर नाहीत. खिडकीच्या फळीवर ऐरण होती, तिच्याखाली खोकं. खोक्यात कात्र्या.

"शिंपी अजून आणून देतात," वहिनी म्हणाल्या. "कुठून कुठून शोधत येतात. खूण दाखवतात. हे कुणालाच नाही म्हणत नाहीत. दोन वर्षं झाली, हातोडी धरवत नाही, तरी ठेवून घेतात."

मी ठसा काढून मास्तरच्या हातावर ठेवला.

त्याने टोकावरून अंगठा फिरवला.

"पाणी छान दिलंस. कानशीचं आहे?"

"हो."

"दुसरं टिंब जरा खोल आहे. माझं कधी एवढं खोल नव्हतं. त्या दिवशी पोत्यातच कळलं." मग म्हणाला, "किती वेळ लागला करायला?"

"तीन संध्याकाळी."

"माझं घर तुझ्या वाटेवर होतं. तिन्ही संध्याकाळी."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं, त्याची तयारी होती. त्याने ठसा मला परत दिला.

"मला कशाला देतोस? परत आलेलं काम ज्याचं त्याच्याकडे जातं. रिवाज विसरलास?" आणि पायाने ते खोकं माझ्याकडे सरकवलं.

मी घासणारा. मला जोडता येत नाही, एकोणीस वर्षं नुसतं पाहिलं होतं. त्या दुपारी पहिल्या कात्रीला चार तास लागले. मास्तर डोळे मिटून ऐकत होता. "टोकाकडे. अजून टोकाकडे. मोडशील, पत्रा आहे तो, तूच तर खपवलास." वहिनींनी फडकं भिजवून दिलं. ते दुमडलं. पुन्हा दुमडलं. उजेड जाता जाता एकदाचं कापलं. स्वच्छ नाही, पण कापलं.

"दुरुस्त करणाऱ्यानेही शेजारी खूण करायची असते," मास्तर म्हणाला.

"कुणाची करू?"

"दुसऱ्याची तुला येते. तुझी येते का बघ."

घासणाऱ्याला खूण नसते. कधी लागली नव्हती. मी सळई पात्यावर टेकवून बराच वेळ बसलो. शेवटी एक टिंब केलं. वाकडं आलं. तसंच ठेवलं, आणि खोक्यातली दुसरी उचलली.