थंड शेक

ही वही ज्याच्या हाती पडेल त्याने आधी माझ्या अक्षराला माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कच्चं होतं, आता तर वेलांटी हाताला जशी येईल तशी देते. ओळीसुद्धा सरळ राहत नाहीत, शेवटाला येईपर्यंत खाली उतरतात. नातीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती म्हणून त्यावर लिहिते आहे.

लिहायचं कारण असं झालं की परवा टीव्हीवर एक खेळाडू बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसलेला दाखवला. घरची सगळी हसली. मुलगा म्हणाला, त्याने म्हणे अंगाचं दुखणं लवकर उतरतं. नात म्हणाली, हे शोधलं कोणी? मी भाजी निवडत होते. मला सांगावंसं वाटलं, पण चार माणसांत माझा आवाज निघत नाही, तेव्हाही निघत नव्हता. तोवर कार्यक्रम बदलला. म्हणून इथे सांगते.

साल अठ्ठ्याहत्तर असेल, नाहीतर एकोणऐंशी. माझा मुलगा दोन वर्षांचा होता. आमचं गाव लाखांदूरपासून एसटीने अर्ध्या तासावर, चहूकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाफ्यात वाढत होती तेव्हा शेणखताची टोपली डोक्यावर घेऊन मी धुऱ्यावरून चालले होते. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा बांध. पाय घसरला, घोटा आत मुडपला आणि मी टोपलीसकट खाली आले. संध्याकाळपर्यंत घोटा सुजून दिसेनासा झाला.

आमच्या गावात एक मोठी बाई होती, तिला सगळे मोठीमाय म्हणत. ती रोवणीची, म्हणजे भातलावणीची, टोळी जमवायची. चौदा बायका, आणि बांधीत प्रत्येकीची ओळीतली जागा ठरलेली. मागच्या साली एक म्हातारी टोळीतून सुटली तेव्हा ती जागा मला मिळाली होती. कोणाची जागा रिकामी झाली की मोठीमाय दुसऱ्या गावातून बाई आणायची, आणि आलेली बाई मग परत जात नसे. रोवणीला बारा-तेरा दिवस उरले होते. मोठीमाय माझा पाय पाहून गेली. तिने कमरेच्या पिशवीतून तीस रुपये काढून माझ्या घरच्यांच्या, म्हणजे ह्यांच्या, हातात ठेवले. म्हणाली, लाखांदूरला दाखवून आणा, पैशाचं रोवणीनंतर पाहू. जाताना मला एवढंच म्हणाली, "पोरी, तुह्या जागेले आठ दिवस थांबतो मी. त्याच्या पुढं थांबता येत नाही."

लाखांदूरचा डॉक्टर तिकडच्या, पुण्याकडच्या बोलीचा होता. हाड मोडलेलं नाही म्हणाला, सुई दिली, गोळ्या दिल्या, आणि दिवसातून तीनदा थंड शेक द्या म्हणाला. आम्ही दोघांनी मान हलवली. एसटीत बसल्यावर मी घरच्यांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आमच्याकडे शेक म्हणजे विस्तवाचाच. वीट तापवून, मीठ भाजून पुरचुंडीत बांधून, नाहीतर तव्यावर फडकं गरम करून. शेक थंड कसा असेल? परत जाऊन विचारायची दोघांचीही छाती नव्हती. दोन थांबे गेल्यावर ह्यांनी उलगडा केला. डॉक्टरचं म्हणणं, वीट तापवायची पण थोडी थंड होऊ द्यायची, चटका बसू नये म्हणून. मलाही ते पटलं.

तर सासूबाई तीन वेळ वीट चुलीत घालायच्या, काढून ठेवायच्या, हाताने अंदाज घ्यायच्या आणि फडक्यात गुंडाळून माझ्या घोट्याला लावायच्या. प्रेमाने लावायच्या, हे लिहायला पाहिजे. शेकताना बरं वाटे. अर्ध्या तासाने घोट्यात ठणका सुरू होई. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी सगळे शेतावर गेले होते. मी विहिरीच्या पाळीवर बसून भांडी घासत होते. बादलीत ताजं शेंदलेलं पाणी होतं. पाय खाली लोंबत ठेवला की जड व्हायचा, वर ठेवायला काही नव्हतं, म्हणून सहज बादलीत घातला. आधी हाडापर्यंत कळ गेली. काढून घेणार होते, पण का कोण जाणे, म्हटलं पाहू तरी पुढे काय होतं. थोड्या वेळाने मुंग्या आल्या, मग पाय आपला नाहीच असं झालं. काढला तेव्हा कातडी लाल होती आणि ठणका नव्हता.

मला प्रश्न पडला. पाय बधिर झाला म्हणून दुखत नाही, की खरंच उतरला? बधिरपणा तर जाईल. डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. जे व्हावंसं वाटतं तेच डोळ्यांना दिसतं. गोधडी शिवायचा जाड काळा दोरा घरात होता. तो घोट्याभोवती फिरवला, जिथे टोक भेटलं तिथे गाठ मारली. संध्याकाळी परत फिरवला. गाठीच्या पुढे दोरा थोडासा उरला, तांदळाच्या दाण्याएवढा.

मग मला चैनच पडेना. विटेच्या आधी मोजायची, विटेनंतर मोजायची. पाण्याच्या आधी, पाण्यानंतर. सासूबाई पाहत नसतील तेव्हा. विटेनंतर तासाभराने दोरा गाठीला भेटत नसे, मध्ये फट राही. पाण्यानंतर दोरा उरे. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदाही तसंच. सहाव्या दिवशी मी वीट पायाजवळ नुसती ठेवली, लावली नाही, आणि शेकल्याचं नाटक केलं. त्या दिवशी फट पडली नाही. मला इतका आनंद झाला की कोणालातरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कोणी नव्हतं.

दोरा हरवू नये म्हणून तो मी घोट्यालाच सैल बांधून ठेवत असे. सातव्या दिवशी पाय बादलीत असताना सासूबाई मागून आल्या.

"काय करून राहिली वं? थंड्या पान्यात? वात धरन पायात, जलमभर लंगडशील."

मी पाय बाहेर काढला. त्यांची नजर दोऱ्यावर गेली आणि त्यांचा आवाजच बदलला.

"हा दोरा कोनं देल्ला?"

मला मोजण्याचं सांगायचं होतं.  पण मी खाली पाहत पदराने पाय पुसू लागले. तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "राहू दे, राहू दे. नाव नोको घेऊ, गुन जाईन." आमच्याकडे मंतरलेला दोरा देणाऱ्याचं नाव सांगत नाहीत. सांगितलं तर दोरा लागू पडत नाही असं मानतात. मग त्यांनी विचारलं, पाणीही त्यानेच सांगितलं का. मी मान हलवली. हो म्हणाले असं नाही, पण मान हलली. त्या दिवसापासून वीट बंद झाली आणि सासूबाई स्वतः माझ्यासाठी बादली शेंदून ठेवू लागल्या.

आठव्या दिवशी मोठीमाय आली. मी अंगणात तिच्यासमोर चालून दाखवलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, न लंगडता. घोटा दुखत होता, पण तोंडावर येऊ दिलं नाही. ती म्हणाली, "ये मग."

त्याच आठवड्यात घरचे खताच्या कामाला लाखांदूरला गेले होते, ते दुपारी परत आले आणि माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, डॉक्टर रस्त्यात भेटला, थंड शेक म्हणजे थंड पाण्याची पट्टी. मी विचारलं, विटेचं सांगितलंत का? ते म्हणाले, "इटेचं मी काढलंच नाही त्याच्यासमोर." आम्ही दोघं पदराआड, पंचाआड हसलो. सासूबाईंना ते कधीच कळू दिलं नाही.

रोवणी सुरू झाली. ज्यांनी केली नाही त्यांना सांगते, दिवसभर पोटरीइतक्या चिखलात वाकून उलटं चालायचं असतं, एका हातात पऱ्ह्यांची जुडी, दुसऱ्या हाताने रोप खोवायचं. पहिल्या तीन दिवसांत कंबर आणि मांड्या अशा धरतात की उठताना रडू येतं. बायका घरी जाऊन कढत पाण्याने आंघोळ करायच्या. मी विचार केला, घोट्याला जे चाललं ते मांडीला का चालणार नाही? वाटेवर एक बोडी होती, लहान तळं म्हणा ना. पहिल्या संध्याकाळी चिखल धुवायच्या निमित्ताने मी लुगड्यासकट कमरेपर्यंत उतरले आणि तिथेच बसून राहिले. मनात दोनशे मोजले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर दुखत होतं, पण जमिनीला हात न टेकता उठता आलं. तिसऱ्या दिवशीही तसंच.

मागच्या साली मला तिसऱ्या दिवशी लोळत उठावं लागलं होतं, हे आठवत होतं. पण मागच्या साली मी नवखी होते. मग पाण्याचा गुण किती आणि सवयीचा किती? म्हणून चौथ्या दिवशी मुद्दाम बोडीत गेले नाही. पाचव्या सकाळी हात टेकून उठावं लागलं, तेव्हा कळलं. मला तेवढं पुरे होतं.

बायकांच्या नजरेतून काही सुटत नाही. सासूबाईंनी दोऱ्याचं चारचौघींत सांगितलेलं होतंच. एकीने बांधीतच विचारलं, दोरा कुठून आणला, किती घेतात. मी पुढचं रोप खोवलं. दुसरी म्हणाली, तिले नोको विचारू, बोलली तर गुन जाईन, तशीबी ती बोलत नाही, दोरेवाल्यानं बरोबर गिऱ्हाईक पकडलं. सगळ्या हसल्या. मीही हसले.

पण मोठीमायचे गुडघे त्या साली फार धरले होते. जेवणाच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मले बी एक दोरा आनून दे. पैसे घे माह्याजवळून."

तिच्याशी खोटं वागणं मला जमेना.  मी म्हटलं, "मोठीमाय, दोऱ्यात काही नाही. पान्यात आहे."

"मंग दोरा कायले बांधला?"

"मोजाले."

तिला समजेना. मी गाठ दाखवली, फट दाखवली, वीट आणि पाणी सांगितलं. इतकं सलग मी तिच्याशी कधी बोलले नव्हते. ती ऐकत राहिली आणि मग इतकी हसली की तिला ठसका लागला. "शिंप्यावानी पायाचं माप घेते ही पोरगी," म्हणाली. पण त्या संध्याकाळी माझ्यासोबत बोडीत उतरली. गुडघ्यांपर्यंतच. दुसऱ्या दिवशी आणखी उतरली.

तिसऱ्या दिवशी तिने मला बाजूला घेतलं. बाकीच्यांना दोरे दे म्हणाली. मी म्हटलं, ते तर खोटं होईल. ती म्हणाली, "नुसतं पानी सांगतलं तर ह्या उतरत नाही. दोरा बांधून उतरतात तर उतरू दे." मी गोधडीच्या रिळाचे दोरे कापून दिले. पैसे घेतले नाहीत. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवता आलेलं नाही. नऊ बायका बोडीत बसू लागल्या, किंचाळत उतरायच्या आणि बाहेर येताना एकमेकींना चिडवायच्या. बहुतेकींचं अंग हलकं झालं, झोप चांगली लागली, भूक वाढली. एकीला मात्र जुना संधिवात होता, तिचं दुखणं वाढलं. तिला मी परत वीट धरायला लावली आणि तिला विटेनेच बरं वाटलं. म्हणजे वीटही खोटी नाही. ताज्या सुजेला, नवीन शिणाला पाणी, आणि जुन्या आखडलेल्याला ऊब, असं काहीतरी असावं. का ते मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची फार इच्छा होती.

रोवणी संपेपर्यंत माझी जागा माझीच राहिली. मजुरी मिळाली त्यातले पंधरा रुपये मोठीमायला दिले. बाकीचे मुलाच्या आजारपणात आणि किराण्यात गेले. तिचे राहिलेले पंधरा रुपये कापणीच्या वेळी देईन म्हटलं.

पण तोवर मला पाण्याचा अभिमान झाला होता. दिवाळीनंतर थंडी पडली तरी मी रोज पहाटे विहिरीच्या पाण्याने आंघोळ करू लागले. पहिला तांब्या अंगावर पडला की श्वास अडकायचा, पाचव्या तांब्यानंतर आतून ऊब यायची. थंड पाण्याने ऊब येते ही गंमत मला रोज नवी वाटे. दिवसभर मन स्वच्छ राहायचं, माणसांची भीतीही थोडी कमी वाटायची. एका सकाळी अंग कसकसत होतं. मला वाटलं, पाण्याने जाईल. डोक्यावरून सात-आठ तांबे घेतले. संध्याकाळी ताप चढला, मग खोकला, आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, धानाच्या कापणीतले सहा दिवस मी खाटेवर होते.  सासूबाईंनी मीठ भाजून पुरचुंडी केली आणि माझ्या छातीला लावली. तेव्हा मी काही मोजलं नाही. निजून राहिले. तापात अंगावर गार पाणी घ्यायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं केलं.

मोठीमायने त्या सहा दिवसांसाठी दुसरी बाई आणली नाही. बाकीच्या तेरा जणींनी माझा पट्टा वाटून कापला, हे मला उठल्यावर कळलं. उरलेले दिवस मी कापणीला गेले, आणि धान मळून झाल्यावर मजुरीत मापाने मिळालेलं कुडो-पायली धान विकून तिचे राहिलेले पंधरा रुपये घेऊन तिच्या घरी गेले. ती उन्हात बसून गुडघ्याला तेल लावत होती. उशीर झाला असं म्हणण्याऐवजी मी नोटा तिच्या हातात ठेवल्या. तिने नोटा मोजल्या नाहीत, कमरेच्या पिशवीत घातल्या आणि म्हणाली, "झाले पुरे."