समोरच्या दाराची किल्ली

वडनेरच्या सुलोचनाबाईले कोनाले नाई म्हनताच येत नसे. समोरचा मांगायच्या आंधीच बाई देऊन मोकळी. तिचा नवरा महादेवराव म्हने, "तुह्याकडं चोर आला तं त्यालेही चहा पाजशीन."

सासूच्या तेरवीले हिंगनघाटचा दीर, बंडूजी, बायकोपोरांसंगं आला. बाईनं समोरच्या दोन खोल्यांची किल्ली जाऊच्या, यशोदाबाईच्या, हातावर ठेवली. "चार दिवस मोकळ्या मनानं राहा व माय. आम्ही मांगं झोपतो."

पाव्हने गेले, बंडूजी हलला नाई. उलट 'घर माहंच' म्हनून कोर्टात गेला. साहेबानं हुकूम देला: निकालावरी 'जैसे थे'.

"म्हंजे काय जी?" बाईनं आपल्या वकिलाले विचारलं.

"आज जो जिथे आहे, तो तिथेच राहील. भिंत पाडायची नाही, कुलूप बदलायचं नाही, कोणी कोणाला काढायचं नाही. कोणाचंच नुकसान होऊ नये म्हणून असतं हे, वहिनी."

"मंग मी मांगंच?"

"निकाल लागेपर्यंत."

बाईनं त्या हुकुमाची अशी धास्ती घेतली, का छपरावरचं फुटलेलं कवेलूही बदलेना. "जैसे थे हाय ना बापा!" निकाल काई आला नाई. तारखा करता करता महादेवराव गेला, पोरगी वर्षाली लग्नाले आली.

बाईची एकच हाव: पोरीनं समोरचा उंबरठा ओलांडून सासरी जावं. स्वतः माप लवंडून आल्ती ना तेथूनच! वकिलानं अर्ज टाकला, लग्नाच्या एका दिवसापुरतं दार उघडून द्या म्हनून.

साहेबानं बंडूजीले विचारलं. तो म्हने, "एका दिवसासाठी शिरले साहेब, तं मंग निघतीन काय?"

घ्या! हे ज्याले सगळ्यात पक्कं ठाऊक, तोच सांगून राह्यला. बाईले तेथंच हसू फुटलं, पदराचा बोळा तोंडात कोंबला. अर्ज फेटाळला. जैसे थे.

बोळवणीच्या वेळी बँडवाले सवयीनं समोरच्या बंद दारापुढं वाजवत उभे, आन् नवरी निघाली मांगून, गोठ्याच्या बोळीतून, शेनातून शालू उचलत. कोपऱ्यावरून समोरच्या खोलीची खिडकी दिसे. यशोदाबाई डोळ्याले पदर लावून उभी होती. किल्ली कमरेलेच.

"काकूच्या पाया पडून येऊ का व माय?" वर्षाली म्हने.

"इथूनच पड," सुलोचनाबाई म्हने. "काकू तिथं, आपन इथं. हुकूम हाय."