भरून आलेले डबे

मोबाइलवर फुकटात धंदा शिकवणाऱ्यांची कमी नाही. मी शिकत होते त्या कोर्समधले सर टाय लावून बोलायचे आणि दर दोन वाक्यांनी ‘मित्रांनो’ म्हणायचे. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानातल्या नोकरीवरून संध्याकाळी कामशेतला परतताना मी गाडीत त्यांचे व्हिडिओ बघायची. शिवाय शनिवारी कामशेतच्या एका सभागृहात नवउद्योजकांचा वर्ग भरायचा, तिथं पुण्याहून एक मॅडम यायच्या. आमच्या वर्गात पवना धरणाकाठी तंबू लावू पाहणारा एक जण होता, अळंबीवाले नवरा-बायको होते, आणि खुरासणीच्या चटणीवाली मी.

खुरासणी म्हणजे काळे कारळे. आमच्या घरी ईदेच्या दिवशीसुद्धा माणसं शीरखुर्म्यानंतर भाकरी-चटणी मागतात, त्यामुळे माझ्या हाताला चव आहे यावर माझा गाढ विश्वास होता. आमचे हे म्हणायचे, ‘‘अम्मीच्या हाताला होती.’’ मी दुर्लक्ष करायची.

दुकानाच्या मालकांनी मला सरळ सांगितलं होतं, पावसाळी गर्दी सुरू व्हायच्या आत कळवा, राहताय की सोडताय. नाहीतर ते दुसरी बाई बघणार होते. पक्की नोकरी की चटणी, एवढाच प्रश्न होता आणि त्यानं माझी झोप उडवली होती.

टायवाल्या सरांनी सांगितलं, मित्रांनो, ग्राहकाला मोफत नमुना द्या, त्याचं मत घ्या. मी गल्लीत नमुने वाटले. प्लॅस्टिकच्या पिशवीत चटणी देणं जिवावर आलं, म्हणून घरातले स्टीलचे छोटे डबे काढले. इथंच माती खाल्ली. आमच्या गल्लीत हिंदूचं घर असो की मुसलमानाचं, शेजारणीचा डबा कुणी रिकामा परत करत नाही. दोन-तीन दिवसांत माझे सगळे डबे भरून परत आले. कुणी गूळ घातला होता, कुणी शेंगदाणे, आणि बहुतेकींनी, काय सांगू, आपापल्या घरची खुरासणीची चटणी. वर प्रत्येकीचं मत एकच, ‘‘लय भारी झालीय. इकायला काढ, आमी घेऊ की.’’

आता टायवाल्या सरांना विचारायला हवं होतं की मित्रांनो, ग्राहकच उलट नमुना देऊन गेला तर काय करायचं? त्यावर व्हिडिओ नव्हता.

शनिवारी मी ते सगळे डबे, माझ्या चटणीचा एक डबा आणि भाकऱ्यांची चवड वर्गात नेली. म्हटलं, हाच आपला अहवाल. वर्गाचं शिक्षण तिथंच संपलं आणि जेवण सुरू झालं. तंबूवाला तर पंगतीला बसल्यासारखा मांडी ठोकून बसला. मॅडमनी सगळ्या चटण्या चाखल्या आणि एका डब्याला तिसऱ्यांदा हात घातला. ‘‘ही तुमची ना? ही मी विकत घेईन.’’

तो डबा पलीकडच्या घरातल्या मावशींनी भरून दिलेला होता, तिकोणा पेठेहून लग्न होऊन आलेल्या. माझी चटणी मॅडमनी एकदा चाखून बाजूला ठेवली होती. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. घरी जाताना मी मॅडमना, सरांना आणि त्यांच्या टायला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. मग घरी न जाता मावशींच्या दारात गेले.

‘‘मावशी, तुमची चटणी विकायची का?’’

‘‘माझी? आन तुझी गं?’’

‘‘माझी छान झालीय, असं तुम्हीच म्हणाला होतात.’’

मावशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. ‘‘दारात आलेल्या लेकीला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? म्हनून तर डब्यात माझी भरून दिली. तुला वाटलं, रीत म्हनून दिली व्हय?’’

मला वाटलं होतं.

‘‘खुरासणी जाळतीस तू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘भाजायचं माझ्याकडं. तू नुसती गिऱ्हाइकाशी बोल. बोलायला तुला लय येतं.’’

दुसऱ्या दिवशी दुकानात मी मालकांना सांगितलं की मी सोडतेय.

‘‘कसला धंदा करणार?’’

‘‘खुरासणीच्या चटणीचा.’’

‘‘तुमच्या हातची?’’

व्हय म्हणून मोकळं होता आलं असतं. टायवाल्या सरांनी आत्मविश्वासावर अख्खा व्हिडिओ केला होता. पण मी म्हटलं, ‘‘नाही, शेजारच्या मावशींच्या हातची. माझी विकत घेण्यासारखी होत नाही.’’

मालकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. मग गल्ला बंद करत म्हणाले, ‘‘मग चालेल तुमचा धंदा.’’