नोव्हेंबरात वाचली जाणारी नावं

चारबाग स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा सकाळ होऊनही उजेड नव्हता. नोव्हेंबरात लखनऊवर धूर आणि धुकं मिळून एक मळकी चादर पसरलेली असते. घसा खवखवायला लागला. मी सांगलीचा हळदीचा व्यापारी. इथल्या मसाल्याच्या बाजारात वर्षानुवर्षं माझा माल येतो, पण शाळकरी वयात हे शहर सोडल्यापासून मी स्वतः कधी आलो नव्हतो. या शहराशी माझं भांडण होतं. खरं म्हणजे इथल्या एका शाळेशी.

ई-रिक्षावाल्याने मानक नगरचं भाडं सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. "लूट है क्या?"

"नाराज़ मत होइए चचा, आप ही बता दीजिए."

मी निम्मं सांगितलं. तो हसून म्हणाला, "इतने में तो हम आपको दुआ दे सकते हैं, सवारी नहीं." शेवटी मधल्या भाड्यावर जमलं. वाटेत त्याने बसायची जागाही फडक्याने पुसून दिली. इथे भांडणसुद्धा मऊ आवाजात चालतं, त्याने मला आणखी चिडायला होतं.

मानक नगरात बाबा रेल्वेत इंजिनीअर होते. आमच्या क्वार्टरच्या जागी आता तीनमजली इमारत आहे. खाली उभ्या असलेल्या एका बाईंना मी नाव सांगितलं, आमचं क्वार्टर इथेच होतं म्हणालो. त्या मराठीच निघाल्या, नागपूरच्या. "अच्छा, तुम्ही इथे राहायचे? या ना, चहा घ्या," म्हणाल्या. मी थांबलो नाही. याच जागेवरून माझ्या मोठ्या भावाला, अरुणदादाला, दवाखान्यात नेलं होतं. दिमागी बुखार (मेंदूज्वर). तो परत आला नाही. तेव्हा तो दहावीत होता आणि मी आठवीत.

आम्ही दोघं फादर लोकांच्या शाळेत जायचो. तिथे एक प्रथा होती. नोव्हेंबर हा त्यांच्यात मेलेल्यांचा महिना. त्या महिन्यात रोज सकाळच्या प्रार्थनेला शाळेच्या दिवंगत मुलांची आणि शिक्षकांची नावं वाचत. दादा पावसाळ्यात गेला. नोव्हेंबर लागला तसा मी रोज रांगेत कान देऊन उभा राहिलो. महिना संपला, दादाचं नाव आलं नाही. शेवटच्या दिवशी मी रांग सोडून चालू लागलो तो फाटकाबाहेर पडलो, आणि परत गेलो नाही. त्याच हिवाळ्यात बाबांनी बदली मागून घेतली. मी पुढे शिकलो नाही, हळदीच्या अडतीवर बसलो. जे काही उभं केलं ते स्वतः केलं. पण दर नोव्हेंबरात ती नावं कानात वाजायची आणि मी घरच्यांवर, हमालांवर ओरडायचो.

लॉजवर सामान टाकून शाळेत गेलो, तर फाटकावर पहारेकऱ्याने आधार कार्ड मागितलं. ते लॉजवर राहिलं होतं. "मैं यहाँ तुम्हारे पैदा होने से पहले पढ़ता था!" मी ओरडलो.

"तो बाबूजी, अब तक पढ़ाई पूरी नहीं हुई?" त्याने विचारलं. शेजारचा चणेवाला खो खो हसला. मला लॉजवर जाऊन यावं लागलं.

शाळा बाहेरून रंगवली आहे, पण मागची बाजू अजून लखौरी (जुन्या पातळ) विटांची आहे, आणि तिला ओल आलेली आहे. मागे एक लहान दफनभूमी आहे. दूर देशांतून आलेले पहिले फादर तिथे पुरलेले आहेत. त्यांनी रेल्वे आणि पलटणीतल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढली. पुढे गोव्याचे, मंगळूरचे फादर आले. मुलं मात्र बहुतेक हिंदू आणि मुसलमान. आता दगडांवरची अक्षरं बुजली आहेत आणि वर्गावर्गात कॅमेरे आहेत.

प्रिन्सिपल फादर मंगळूरचे, चाळिशीतले, थकलेल्या डोळ्यांचे. मी सौद्याची तयारी करूनच गेलो होतो. पंखे देतो, पाण्याचं मशीन देतो, अट एकच: दादाचं नाव वाचायचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"नाम लिख दीजिए. कल पढ़ देंगे."

"बस?"

"बस. इसके बदले कुछ लेते नहीं."

"मग तेव्हा का नाही वाचलं?" मी संतापाने मराठीतच विचारलं, आणि मग हिंदीत.

"हम अपनी तरफ़ से किसी का नाम नहीं पढ़ते. घरवाले देते हैं, तब पढ़ते हैं. हर साल नए सिरे से."

घासाघीस करायला गेलेल्या माणसाच्या हातात माल तसाच ठेवला की फसवल्यासारखं वाटतं. मी नाव लिहिलं. आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं, असं मी फादरना सुनावलं. ते म्हणाले, "हो सकता है." वाद घालायलाही त्यांनी काही ठेवलं नाही.

दुसऱ्या सकाळी धुक्यात मुलांच्या रांगा अर्ध्याच दिसत होत्या. फादर नाव वाचायचे आणि मुलं एका सुरात म्हणायची, "प्रभु, इन्हें शांति दे." कोणी डिसोझा, कोणी मिश्रा, कोणी रिझवी. मग दादा. मुलांनी तेच म्हटलं. मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं. पुढचं नाव आलं. एवढंच.

जुन्या शहरातल्या चौक बाजारात जाऊन मक्खन मलाई (दवात ठेवून घुसळलेल्या दुधाचा केशरी फेस) घेतली. तोंडात ठेवताच ती विरते. नंतर जिभेवर नुसता गारवा राहिला. बाजारातल्या लोकांना न भेटताच मी गाडी पकडली.

सांगलीला पोचल्यावर आईला सांगितलं. ती खाटेवर बसून होती. वाटलं, रडेल.

"मला विचारायचं होतंस," ती म्हणाली. "तेव्हा फादर घरी आले होते. सायकलवरून, भर उन्हात. अरुणचं नाव द्या म्हणाले, नोव्हेंबरात वाचतो. मीच नको म्हटलं. म्हटलं, त्या मैदानात माझ्या पोराला जिवंत बघितलंय सगळ्यांनी. मेलेल्यांत त्याचं नाव घ्यायचं नाही."

"बाबांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला?"

"तू लहान होतास. आणि तू त्यांच्यावर चिडायचास ना, मला बरं वाटायचं. कोणीतरी चिडत होतं."

मी भिंतीला टेकून बसलो. ज्यांच्याशी भांडून मी उभा राहिलो, त्यांनी माझ्या आईचा शब्द पाळला होता, आणि तो मी मोडून आलो होतो.

"पुढच्या वर्षी पुन्हा वाचतील का?" तिने विचारलं.

"दरवर्षी नव्याने नाव द्यावं लागतं."

"मग देऊ नकोस."