हजला निघण्याआधीची मोजणी

“नीट बघा मॅडम. पुंडलिकाची जमीन माझ्याकडे आयली आसतली. आसूकच होया,” करीमभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

मी यंत्राला डोळा लावून होते. सर्व्हेयरच्या नोकरीत मला बावीस वर्षं झाली. आधी पेडणे, मग वाळपई, आता डिचोली. आपली जमीन कमी भरावी म्हणून जीव टांगणीला लावून बसलेला अर्जदार मी पहिल्यांदाच पाहत होते.

करीमभाई सत्तरीचे, गावातले जुने सुतार. परवा हजला निघायचे होते. हजला जाण्याआधी सगळ्यांची माफी मागायची, कुणाचं काही आपल्याकडे राहिलं असेल तर परत करायचं, असा त्यांच्यात रिवाज आहे. ते घरोघर जाऊन आले. एकच गोष्ट मनाला लागून राहिली होती. शेजारच्या पुंडलिक गावसांच्या आणि त्यांच्या परसामध्ये गडगा आहे, म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत. ती करीमभाईंच्या वडिलांनी नुसत्या अंदाजाने घातलेली. दुसऱ्याची वीतभर जमीन दाबली तरी कयामतीच्या दिवशी ती गळ्यात पडते, हे ते लहानपणापासून ऐकत आलेले. म्हणून त्यांनी डिमार्केशनचा अर्ज दिला. डिमार्केशन म्हणजे नकाशावरची हद्द जमिनीवर आखून देणं.

असा अर्ज आला की शेजाऱ्याला नोटीस जाते. आमच्या नोटिशीची भाषा अशी, की निरपराध माणसालाही घाम फुटावा. पुंडलिकबाबांनी ती बाजारात पोस्टमनकडून घेतली आणि चार माणसांत उघडली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, करीमने पुंडलिकावर केस घातली! पुंडलिकबाब वकील गाठून आले. दोघांचं बोलणं बंद झालं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

म्हणजे सगळ्यांशी समेट करायला निघालेल्या माणसाने नसलेलं भांडण उभं केलं होतं, आणि त्यावर शिक्का आमच्या ऑफिसचा होता.

मोजणीला दोघे गडग्याच्या दोन बाजूंना उभे राहिले. बोलणं माझ्यामार्फत.

“मॅडम, तेका सांगा, माझ्या वकिलान सगळे कागद बघितले आसत.”

“तेका सांगा, माका जमीन नको. माका द्यायची आसा.”

“द्यायची आसली तर नोटीस कशाक? तोंड नाय?”

मला पुंडलिकबाबांचं पटलं. पण मला कोण विचारतो?

आकडे आले. मी दोनदा तपासले. गडगा करीमभाईंच्याच जमिनीत मीटरभर आत निघाला. त्यांच्या वडिलांनी अंदाज करताना स्वतःचंच नुकसान केलं होतं. पलीकडच्या पट्टीत फणसाचं मोठं झाड होतं. त्याचे फणस पुंडलिकबाब दर उन्हाळ्यात करीमभाईंकडे भेट म्हणून पाठवायचे.

“इतकी वर्सां मी तेका तेचेच फणस देय होतंय?” पुंडलिकबाब मटकन गडग्यावर बसले.

करीमभाईंचा चेहरा उतरला. परत करायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. “यंत्र बरोबर आसा मगो?”

“यंत्र बरोबर आहे,” मी वैतागून म्हणाले. “तुम्ही दोघे सोडून इथे सगळं बरोबर आहे.”

पुंडलिकबाब उठले. गडगा आत्ताच पाडतो म्हणून बायकोकडे टिकाव मागू लागले. करीमभाई भिंतीला आडवे झाले. रिपोर्टवर सही कुणीच करेना. एक करेना कारण त्यात तो चोर ठरत होता. दुसरा करेना कारण त्यात त्याचा मित्र चोर ठरत होता.

मी साहेबांना फोन लावला.

“एन्क्रोचमेंट आहे?”

“आहे सर. नोटीस गेली त्यांचं.”

“मग ते कबूल करत नाहीत?”

“ते करतात. अर्जदार करत नाहीत.”

“आधी तुम्ही थोडं पाणी प्या,” साहेब म्हणाले.

मी पाणी पीत होते तेव्हा करीमभाई पहिल्यांदाच थेट बोलले. “पुंडलिक, जमिनीचा सोड. मी परत येयसर ती तुझ्याकडे अमानत.” अमानत म्हणजे विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. त्यांच्यात हा फार मोठा शब्द आहे. “पण नोटीस मी धाडलंय. आधी तुझ्या दारात येऊन सांगूक होया होता. चार माणसांत तुझी मान खाली गेली. ह्या एकाची माफी दी. नायतर मी जावचंय नाय.”

“पंधरा दीस माका जेवाण गोड लागाक नाय रे,” पुंडलिकबाब म्हणाले. मग गडग्यावरून हात पुढे केला. “दिलंय माफी. जा आता. थंय माझ्या गुडघ्यांसाठी पण कायतरी माग.”

माझे डोळे भरले, हे कबूल करते. त्याच भरात दोघांच्या सह्या उरकून घेतल्या.

करीमभाई हज करून सुखरूप आले. आणि काही दिवसांनी पुन्हा ऑफिसात, हातात नवा अर्ज. पुंडलिकबाबांनी अमानत परत केली होती. जुना गडगा काढून नवा घातला होता. पण माझ्या खुणांवर नव्हे. चुकूनही शेजाऱ्याचं काही आपल्याकडे राहू नये म्हणून आणखी हातभर मागे, स्वतःच्याच जमिनीत.

“मॅडम,” करीमभाई रडकुंडीला येऊन म्हणाले, “आता खरीच तेची जमीन माझ्याकडे आयली.”

नियमाप्रमाणे पुंडलिकबाबांना नोटीस जायलाच हवी होती. मी आधी स्कूटर काढली आणि त्यांच्या घरी जाऊन तोंडाने सांगून आले. नोटीस दुसऱ्या दिवशी पाठवली. एवढं शिकायला मला बावीस वर्षं लागली.